लेथवरील हत्याराची पकड व तिच्यात घरच्या घरी करावयाची सुधारणा

पंपाचा बुश झिजला अगर ट्रेलरची पिन तुटली, म्हणजे तालुक्याच्या गावी वर्कशॉपात खेटे घालावे लागतात, हा आपणा बागाइतदारांचा नित्याचा अनुभव आहे. हे खेटे चुकावेत म्हणून ज्यांनी शेडात लहान लेथ बसविला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झाल्यावर प्रस्तुत लेखकाने हे काम हाती घेतले; सबब यात कारागिराची विद्वत्ता नसून चुकांतून आलेले शहाणपण तेवढे आहे.

ऐन चैत्रात विहिरीवरील पंपाच्या शाफ्टची पोलादी बाही झिजून निकामी झाली. भुईमुगास आऱ्या सुटण्याचे दिवस होते. नवी बाही कातण्यासाठी मी कार्बाईडच्या टोकाचे १६ मि.मी. जाडीचे नवे हत्यार आणले होते. ते होल्डरमध्ये बसविले. परंतु होल्डर अगदी खाली उतरवूनही हत्याराचे टोक मध्यरेषेच्या २ मि.मी. वरच राहिले. एवढ्याने काय बिघडते, असे समजून लेथ चालू केला. हत्यार कापीना, नुसते घासू लागले. मी अधिक जोर दिला, तेव्हा बाही चकात सरकली आणि कामातून गेली. दुसरी बाही मिळेपर्यंत चार दिवस पाणी बंद राहिले व पिकाने मान टाकली. दोष लेथचा नव्हता, हत्याराचाही नव्हता. दोष माझ्या उतावळेपणाचा होता.

उंचीचे महत्त्व

हत्याराच्या धारेखालची बाजू कामास घासू नये म्हणून तिला सुमारे ६ अंशांचा उतार दिलेला असतो. टोक मध्यरेषेच्या वर गेले की हा उतार तितका कमी होतो. ४० मि.मी. व्यासाच्या कामावर टोक २ मि.मी. वर असल्यास सुमारे पावणेसहा अंश खर्ची पडतात. म्हणजे उतार जवळजवळ संपतोच. काम जितके बारीक, तितका हा तोटा मोठा. १२ मि.मी. व्यासाच्या पिनेवर १ मि.मी.चीच चूक साडेनऊ अंशांची होते. उलट टोक खाली राहिल्यास धार बोथट असल्याप्रमाणे वागते व बारीक काम हत्यारावर चढून वाकण्याचे भय असते.

उंची पाहण्याची सोपी रीत अशी : लेथ बंद ठेवून गोल काम व हत्याराचे टोक यांमध्ये पातळ पोलादी पट्टी हलकेच दाबून धरावी. पट्टी उभी सरळ राहिली तर उंची बरोबर. पट्टीचा माथा आपल्यापासून दूर, कामाकडे कलला तर टोक वर आहे. आपल्याकडे कलला तर टोक खाली आहे.

होल्डरची खाच खोल करणे

टोक खाली असेल तर हत्याराखाली पट्टी घालून भागते; वर असेल तर होल्डरचा तळ तासण्यावाचून गत्यंतर नाही. माझ्या होल्डरचा तळ १० मि.मी. जाड होता. त्यातून अडीच मि.मी. काढावयाचे ठरविले : दोन गरजेपुरते आणि अर्धा उंची जुळविण्यापुरता. कापण्याचा सर्व भार या तळावर येतो. सबब निम्म्याहून कमी जाडी उरणार असेल तर होल्डरला हात लावू नये; हत्याराच्या दांड्याचीच खालची बाजू तासावी.

प्रथम होल्डरच्या कोपऱ्यावर कानस फिरवून पाहावी. कानस लागली तर साधे मिलिंग कटर चालेल. ती घसरली तर पोलादास पाणी दिलेले आहे असे समजून कार्बाईडचे कटर घ्यावे. होल्डर लेथच्या उभ्या स्लाइडवर घट्ट आवळून कटर कोलेटमध्ये धरावे. तीन जबड्यांच्या चकात ते सरकण्याचा संभव असतो. एका फेरीत पाव ते अर्धा मि.मी.च घ्यावे आणि काम कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने सरकवावे; एरवी कटर काम ओढून घेते व तुटते. उभी स्लाइड नसेल तर एवढे एक काम बाहेरून करून आणावे. कानशीने तळ सपाट येत नाही, आणि तळ वाकडा असला तर हत्यार हलते.

खाच खोल झाल्यावर पूर्वीच्या बारीक हत्यारांखाली पूर्ण लांबीची एकच सपाट पोलादी पट्टी द्यावी. पत्र्याचे चार तुकडे रचू नयेत; ते दाबाखाली सरकतात.

स्क्रूंची टोके

वारंवार आवळल्याने स्क्रूचे टोक पसरते आणि मग तो बाहेर काढताना होल्डरचे आटे खरवडून काढतो. यास्तव ८ मि.मी.च्या स्क्रूचे टोक चार-पाच मि.मी. लांबीपर्यंत कातून ६ मि.मी. करावे. टोक थोडे पसरले तरी ते आट्यांच्या आतच राहते.

सावधगिरी

डोळ्यांस चष्मा असल्याखेरीज लेथ चालू करू नये. उपरणे, सैल बाही व हातमोजे यांस शेडाबाहेर ठेवावे. चकाची चावी चकात विसरू नये आणि पोलादाचा कीस हाताने ओढू नये.

या सुधारणेस माझी एक दुपार खर्ची पडली. आता तेच हत्यार तीच बाही मुकाट्याने कातते. मोजणी केल्याशिवाय बांध घालू नये, हे आपण सारे जाणतो. लेथपुढे उभे राहिल्यावर मात्र विसरतो. पोलादही जमिनीसारखेच आहे. तासलेले परत जोडता येत नाही. म्हणून आधी दोनदा मोजावे व मगच कटर लावावे, इतकेच सांगणे आहे.