फोन किती, लाइनी किती?

पनवेलजवळ विचुंबे गाव आहे. जुने गाव भातशेतीचे. आता आजूबाजूला इमारती उभ्या राहिल्या आहेत. अशा वस्तीत घरी बसून उद्योग करणारी माणसे पुष्कळ असतात. कोणी कपडे शिवते, कोणी शिकवणी घेते, कोणी पोळीभाजीचे डबे देते. दुकानाला पाटी असते. घरच्या उद्योगाला फोनचा नंबर हीच पाटी.

समजा, एक ताई डबे देतात. घरात फोन एकच. सकाळी गिऱ्हाइकांचे फोन येतात. “आज दोन डबे जास्त पाठवा”, “आज भाजी कोणती?” असे बोलणे चालू असते. त्याच वेळी शाळेतून फोन येतो, की मुलीला ताप चढला आहे, न्यायला या. पण ताईंचा फोन गुंतलेला! उलट, घरचे बोलणे लांबले तर गिऱ्हाईक दोनदा फोन लावते आणि मग दुसरीकडे डबा सांगते. नुकसान दोन्हीकडून.

मग काय करायचं? दुकानात गेलात तर दुकानदार महागाची वस्तू आधी दाखवील. म्हणून आधी हिशोब, मग खरेदी.

लाइन म्हणजे काय?

एका वेळी एक बोलणे नेणारी वाट म्हणजे लाइन. फोनचे यंत्र वेगळे आणि लाइन वेगळी. विहिरीवर रहाट एकच असेल, तर काठावर चार घागरी ठेवून काय उपयोग? पाणी एका वेळी एकाच घागरीत येणार. तसेच एका लाइनीवर तीन खोल्यांत तीन यंत्रे लावली, तरी बाहेरचे बोलणे एकच होईल.

एका मोबाइलमध्ये दोन सिम कार्डे घातली म्हणजे दोन लाइनी झाल्या, असे पुष्कळांना वाटते. बहुतेक मोबाइलांत तसे होत नाही. एका सिमवर बोलणे चालू असले की दुसरा नंबर लागत नाही. दारे दोन, पण उघडायला माणूस एकच, अशी ती गत आहे.

लाइनी किती लागतील?

एक आठवडा वही ठेवा. आलेले फोन, चुकलेले फोन, वेळ आणि मिनिटे लिहा. सर्वांत गर्दीचा तास शोधा.

समजा, त्या तासात सहा फोन येतात. प्रत्येक बोलणे सरासरी पाच मिनिटांचे. एकूण ३० मिनिटे झाली. तासाची मिनिटे ६०. म्हणजे निम्मा वेळ रिकामाच, एक लाइन पुरेल, असे वाटते. पण फोन काही रांग लावून येत नाहीत. कधी दहा मिनिटे एकही नाही, तर कधी दोन एकदम.

डेन्मार्क देशात एर्लांग नावाचे गणिती होते. ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करीत. किती लाइनी ठेवल्या असता किती लोकांना फोन गुंतलेला मिळेल, हे काढण्याचे सूत्र त्यांनी १९१७ साली मांडले. त्या सूत्राने आपल्या उदाहरणाचे उत्तर असे येते :

एक लाइन : तीन फोनांपैकी एक परत जातो.
दोन लाइनी : तेरा फोनांपैकी एक परत जातो.
तीन लाइनी : सुमारे ऐंशी फोनांपैकी एक परत जातो.

पाहा, दुसऱ्या लाइनीने केवढा फरक पडला! तिसरीने फायदा होतो, पण थोडा. लहान उद्योगाला बहुधा दोन लाइनी पुरतात. मात्र दोन लाइनींवर बोलायला दोन माणसे हवीत, हेही विसरू नये.

कोणती सोय घ्यावी?

पहिली सोय : दोन साधे मोबाइल. एक नंबर घरचा, एक धंद्याचा. पाटीवर धंद्याचाच नंबर द्यावा. तो गुंतलेला असला तर येणारा फोन दुसऱ्या नंबरावर वळवता येतो. ही सोय कशी सुरू करायची आणि पैसे किती पडतील, ते आपल्या कंपनीला विचारावे.

दुसरी सोय : इंटरनेटच्या काचतारेवरचा घरचा फोन. घरात कोणीही उचलू शकते, हा फायदा. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुन्या तांब्याच्या तारेवरील फोनला वीज टेलिफोन केंद्रातून मिळे. घरची वीज गेली तरी तो चाले. काचतारेवरचा फोन घरच्या विजेवर चालतो. पावसाळ्यात वीज गेली की फोनही गेला. तेव्हा सोबत बॅटरी हवी. शिवाय अशा फोनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य दाबावे लागते. हा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आहे.

तिसरी सोय : अनेक लाइनी आणि अनेक यंत्रे जोडणारी पेटी. कचेरीत अशी पेटी असते. तिला तारा ओढाव्या लागतात, देखभाल करावी लागते. चार-पाच माणसे वेगवेगळ्या टेबलांवर काम करीत असतील तरच ती घ्यावी.

नंबर जपा

धंद्याचा नंबर स्वतःच्या नावावर घ्यावा. दुसऱ्याच्या नावावर असेल, तर उद्या भांडण झाले की पाटीच गेली. कंपनी आवडली नाही तर मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. २० जानेवारी २०११ पासून ही सोय देशभर आहे.

अनोळखी माणूस फोनवर म्हणेल, “अमुक आकडे दाबा.” दाबू नयेत. तुमचे फोन त्याच्याकडे वळतील आणि बँकेचे गुप्त आकडेही त्याच्या हाती जातील. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लगेच १९३० या नंबरावर कळवावे.

प्रश्न

१. यंत्र आणि लाइन यांत फरक काय?
२. वीज गेल्यावर काचतारेवरचा फोन का बंद पडतो?
३. एका तासात बारा फोन आले. प्रत्येक बोलणे अडीच मिनिटांचे. एकूण मिनिटे किती?
४. आपल्या घरच्या फोनांची आठवडाभर नोंद ठेवा. गर्दीचा तास कोणता, ते वर्गात सांगा.