पेशी गप्प बसली तर

अगं, करंट आला नाही म्हणून म्यूटंट रिसेप्टर मेला असं इतक्यात ठरवू नकोस. आधी मला सांग, अ‍ॅसिटिलकोलिन पेशीवर किती वेळ होतं?

अ‍ॅसिटिलकोलिन बसलं की रिसेप्टरची मधली वाट उघडते आणि सोडियम आत धावतं. पण ते तसंच राहू दिलं, तर बसलेलं असूनही वाट मिटते. डिसेन्सिटायझेशन तुला पाठ आहे; कॅट्झ आणि थेस्लेफ यांनी ते 1957 मध्येच मांडलंय. पण पाठ असणं वेगळं आणि रात्री रिगवर बसल्यावर आठवणं वेगळं, बाई. द्रावण सावकाश बदलत असेल, तर बरेचसे रिसेप्टर तू बघायच्या आधीच मिटलेले असतात. दोष मात्र बिचाऱ्या म्यूटेशनच्या माथी.

म्हणून त्याच दिवशी, त्याच द्रावणाने, बदल न केलेल्या रिसेप्टरचंही रेकॉर्डिंग घे. म्यूटंट पेशीच्या पटलावर पोचलाय का, तेही बघ. मण्यारीच्या विषातलं अल्फा-बंगारोटॉक्सिन त्यासाठी वापरतात. फक्त तुझा बदल अ‍ॅसिटिलकोलिन बसायच्या जागीच असेल, तर ही खूणही फसवेल. आणि पिपेटचं सील ढासळलं तर तो पॅच सोडून दे. त्यात जीव अडकवू नकोस.

बर्ट्रांड कोस्तची गोष्ट तुला सांगायचीच होती. तोही तेव्हा तुझ्यासारखाच उमेदवारीतला, पातापुटियन यांच्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक. पिपेटने टोचलं की करंट देणारी पेशी त्यांना सापडली होती. मग 72 संशयित जनुकं, एकेक बंद करून पुन्हा टोचायचं. करंट येतच राहिला. 72 व्या जनुकाला तो जवळपास नाहीसा झाला. ते पिएझो1, 2010 साली 'सायन्स'मध्ये छापून आलं. पातापुटियन यांच्या 2021 च्या नोबेलमध्ये या कामाचा मोठा वाटा आहे. त्याला हवी होती ती शांतताच. पण एरवी पेशी न चुकता बोलत होती, म्हणूनच त्या शांततेवर विश्वास ठेवता आला.

शेजारची क्रायो-ईएमवाली रंगीत चित्रं दाखवते म्हणून हिरमुसतेस, तेही कळतं मला. चित्रं हवीतच गं. पण तिचा रिसेप्टर गोठलेला असतो. उघडताना-मिटताना तो फक्त तुझ्याकडे दिसतो.

तेव्हा ग्रुप मीटिंगमध्ये "म्यूटंट काम करत नाही" असं बोलून बसू नकोस. सरांना सांग, "कंट्रोल पुरे व्हायचेत." आणि ट्रेस मला पाठव. निवडून चांगले नकोत, सगळे पाठव.