पिकअपला आणखी एक ॲक्सल लावला तर?

प्रश्न : आमच्याकडे १.७ टन पासिंगची पिकअप आहे. हंगामात गावातला कापूस, सोयाबीन, तूर हिंगणघाटच्या बाजारात आणतो. परदेशात अशाच गाड्यांना मागे आणखी एक ॲक्सल बसवून सहाचाकी करतात, त्याचे व्हिडिओ मुलगा मोबाईलवर दाखवतो. आपल्याकडे असे करता येईल का? केले तर तीन टन माल बिनघोर नेता येईल का?
– एक शेतकरी वाचक, हिंगणघाट तालुका

उत्तर : चांगला कारागीर ॲक्सल बसवून देईल, पण ती गाडी आपल्या रस्त्यावर कायदेशीरपणे चालवता येणार नाही. कायदा बाजूला ठेवला, तरी चाके दीडपट झाली म्हणून भारही दीडपट पेलेल असे नाही. दोन्हींची कारणे पाहू.

गाडीची क्षमता तिच्यातल्या सर्वांत कमकुवत भागाने ठरते. मालाचे वजन हौद्यावरून चेसिसवर, तिथून पाट्यांवर, मग ॲक्सल, बेअरिंग, रिम आणि शेवटी टायरवर येते. तिसरा ॲक्सल लावल्याने मदत होते ती या साखळीच्या खालच्या टोकाला. चेसिस मात्र तीच राहते, आणि मागे लांबी वाढवली तर तिला वाकवणारा जोर उलट वाढतो. वेल्डिंग करून जोडलेल्या जागी उष्णतेने पोलादाचा गुण बदलतो आणि भेगा बहुधा तिथूनच सुरू होतात. क्लच, गिअरबॉक्स आणि इंजिनवर वाढीव वजन ओढण्याचा ताण येतो तो वेगळा. शिवाय नवा ॲक्सल, चाके आणि जोडकाम यांचे स्वतःचे वजन मालाच्या वाट्यातूनच वजा होते.

ब्रेकचा प्रश्न याहून गंभीर. धावत्या गाडीतली ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, आणि थांबताना ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन निघावी लागते. नव्या ॲक्सलला ब्रेक नसतील, तर वाढीव मालाचा भार जुन्याच ब्रेकवर पडतो. ब्रेक असतील, तर पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकच्या जोराची वाटणी नव्याने बसवावी लागते.

आता मागच्या दोन ॲक्सलमधली वाटणी पाहा. दोघांना स्वतंत्र पाटे दिले, तर गतिरोधकावर चढताना एका ॲक्सलवर जवळजवळ सगळे वजन येते आणि दुसरा अधांतरी राहतो. म्हणून दोन्हीकडचे पाटे मध्ये एका आडव्या भुजेने जोडतात. तराजूच्या दांडीसारखी ती झुलते आणि भार दोन्हीकडे सारखा ठेवते. ब्रिटिश युद्धखात्याने १९२०च्या दशकात सहाचाकी लष्करी लॉऱ्यांसाठी मागच्या जोड-ॲक्सलची अशी झुलती रचना विकसित केली, ती याच गरजेतून. मागची चार चाके वळणावर वळत नाहीत, रस्त्यावर थोडी घासतच जातात. त्यामुळे टायर लवकर झिजतात आणि गाडी वळायला जास्त जागा घेते.

तुमच्या भागातली काळी माती हा आणखी एक मुद्दा. कोरड्या, भुसभुशीत जमिनीत जास्त चाके म्हणजे दर चाकाखाली कमी दाब, हा फायदा खरा आहे. पण नवा ॲक्सल इंजिनशी न जोडता नुसता फिरता ठेवला, तर तो ओढणाऱ्या ॲक्सलवरचे वजन स्वतःकडे घेतो. ओल्या चिखलात ओढणाऱ्या चाकांवर वजन कमी म्हणजे पकड कमी. चार चाकांवर निघाली असती ती गाडी सहा चाकांवर जागच्या जागी चाके फिरवत बसेल. म्हणून लष्करी सहाचाकींत बहुधा सहाही चाकांना इंजिनचा जोर असतो. ऑस्ट्रेलियन सैन्यासाठी बनलेली ‘पेरेंटी’ लँड रोव्हर तशीच; तिला इसुझूचे टर्बो डिझेल इंजिन दिले होते. मर्सिडीजने २०१३ मध्ये आणलेली सहाचाकी जी-क्लास गाडीही त्याच घडणीची.

ऑस्ट्रेलियात खासगी पिकअपही सहाचाकी होतात, विशेषतः टोयोटा लँड क्रूझर. तिथे हे काम ठरलेल्या नियमांनी होते. चेसिस, ब्रेक आणि पाटे तपासून मान्यताप्राप्त व्यक्ती नवे एकूण वजन प्रमाणित करते, तेव्हाच गाडी रस्त्यावर येते. कारच्या परवान्यावर तिथे साडेचार टन एकूण वजनापर्यंतची गाडी चालवता येते, त्यामुळे त्या मर्यादेच्या आत जास्तीत जास्त क्षमता मिळवण्याची अनेकांची धडपड असते.

आपल्याकडे ही वाट बंद आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा नोंदणीपत्रातला तपशील वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी किट, त्याच प्रकारचे इंजिन किंवा दिव्यांग व्यक्तीसाठी केलेली सोय अशा मोजक्या गोष्टींना वाव आहे. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच मर्यादा ठामपणे सांगितली. २०१९च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाल्यास विमा कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळते, हे वेगळेच.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कारागिराने भंगारातून किकवर चालू होणारी छोटी जीप बनवली, ती बातमी तुम्हाला आठवत असेल. आनंद महिंद्रांनी त्याचे कौतुक केले, पण ती गाडी नियमांत बसत नाही हेही तेव्हाच लिहिले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. हुशारीला दाद मिळाली. रस्त्याचा परवाना मात्र मिळाला नाही.

सरकार एकूण वजनासोबत ॲक्सलमागचे वजनही मोजते, त्याला रस्त्याचे कारण आहे. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या मोठ्या चाचणीतून दिसले, की रस्त्याचे नुकसान ॲक्सलच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट तर नुकसान सोळापट. जुलै २०१८ मध्ये आपल्याकडे चार टायरच्या एका ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वाढ जेमतेम १३ टक्के. पण या हिशोबाने रस्त्यावरचा मार साधारण ६० टक्क्यांनी वाढतो. त्याच वेळी जवळजवळ असलेल्या दोन ॲक्सलच्या जोडीला २१ टन मिळाले, ११.५च्या दुप्पट २३ नव्हे. दोन्ही ॲक्सल रस्त्याच्या त्याच पट्ट्यावर पाठोपाठ दाब देतात, हे लक्षात घेतले की यातला तर्क कळतो.

गॅरेजवाला सुचवेल तो सोपा उपाय म्हणजे एक-दोन पाटे वाढवणे. त्याने गाडी मागून बसत नाही, एवढेच. ब्रेक, ॲक्सल आणि कागदावरचे पासिंग जिथे होते तिथेच राहते. १.७ टनांच्या गाडीत तीन टन भरले, तर कलम १९४ प्रमाणे वीस हजार रुपये आणि जादा टनामागे दोन हजार असा दंड आहे, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देत नाहीत.

मग करायचे काय? आधी माल पाहा. सुट्या कापसाची अडचण बहुधा वजनापेक्षा जागेची असते. तिथे ॲक्सल वाढवून काही साधत नाही, आणि जाळी लावून माल उंच चढवला की वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. सोयाबीन-तुरीच्या पोत्यांचे तसे नाही. हौदा अर्धा रिकामा दिसतो आणि पासिंग संपलेले असते. तिथे दोन खेपा करा, नाहीतर मोठी गाडी घ्या.

कारखान्यातून आलेली सहाचाकी आपल्याकडे जुनीच आहे. १९८६ पासून रस्त्यावर असलेल्या टाटा ४०७ ला दोनच ॲक्सल, पण मागे जोडचाके. कमी वेगाच्या, हंगामी वाहतुकीला ट्रॅक्टर-ट्रॉली आहेच. मोठ्या गाडीसाठी वेगळे लायसन्स लागेल, ही भीती नको. एकूण वजन साडेसात टनांपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. तीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालगाडीला परमिट मात्र लागते.

गाडी निवडताना जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका. नोंदणीपत्रावर मालासह वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन असे दोन आकडे असतात. पहिल्यातून दुसरा वजा करा, त्यातून चालक, हमाल, स्टेपनी-अवजारांव्यतिरिक्त बसवलेली जाळी आणि वाढवलेला हौदा यांचे वजन काढा. उरेल तेवढाच तुमचा माल. हंगामाआधी एकदा रिकामी आणि एकदा भरलेली गाडी वजनकाट्यावर घातलीत, तर किती पोती भरायची याचा अंदाज कायमचा बसेल.