‘लिंबूटिंबू’ आणि ‘चप्पाणी’ : क्रीडेतील समावेशाचा भाषिक विचार

समाजाने दुर्बळ घटकाला दिलेले स्थान त्याच्या खेळांच्या परिभाषेतही उमटते. मराठी मुलांच्या खेळातील ‘लिंबूटिंबू’ हा शब्द या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. लहान अथवा कच्च्या मुलाला खेळात घेतले जाते. परंतु तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. तो रिंगणात असतो, हिशेबात नसतो. तमिळमध्ये याच अर्थी ‘ओप्पुक्कुच् चप्पाणी’ असा प्रयोग रूढ आहे. ‘ओप्पुक्कु’ म्हणजे नावापुरता. ‘चप्पाणी’ म्हणजे पांगळा. मराठी शब्दात लहानपणाची सवलत आहे, तर तमिळ शब्दात व्यंगाचा उघड निर्देश आहे. दोहोंमागील वृत्ती मात्र एकच : सामावून घ्यावे, पण मोजू नये. भारतिराजा यांच्या ‘पदिनारु वयदिनिले’ (१९७७) या चित्रपटात कमल हासन यांनी रंगविलेल्या नायकाला सारे गाव ‘चप्पाणी’ म्हणूनच ओळखते. गोपालकृष्णन हे त्याचे खरे नाव मागेच पडलेले असते.

बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. मुंबईत १९४४ साली जय वकील शाळा निघाली. मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, मेरी क्लबवाला जाधव यांच्या पुढाकाराने १९५३ साली ‘बाल विहार’ सुरू झाले. पुण्यात १९६४ साली ‘कामायनी’ स्थापन झाली. या संस्थांनी अशा मुलांना घराबाहेरचे जग दिले. तथापि स्वतंत्र शाळा ही समावेशाची पहिली पायरी होय, अखेरची नव्हे.

१९६८ साली शिकागो येथे युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या प्रेरणेने पहिली स्पेशल ऑलिंपिक स्पर्धा भरली. भारतात हे कार्य आज ‘स्पेशल ऑलिंपिक्स भारत’ ही संस्था चालविते. या चळवळीचे मर्म तिच्या नियमांत आहे. प्राथमिक फेरीतील कामगिरीनुसार तुल्यबळ खेळाडूंचे गट पाडले जातात. त्यामुळे चुरस खरी राहते, जिंकणेही खरे आणि हरणेही खरे. संयुक्त संघाच्या प्रकारात बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघातून खेळतात. बास्केटबॉलमध्ये मैदानावरील पाचांपैकी तीन खेळाडू अक्षमता असलेले असतात आणि इतर दोघांनी खेळावर वर्चस्व गाजवू नये, असा दंडक आहे. येथे दया नाही, सूटही नाही. आहे ती खेळाची न्याय्य मांडणी.

भाषेतही असे स्थित्यंतर घडले आहे. ‘मतिमंद’ हा एके काळी शास्त्रीय वाटणारा शब्द शिवीच्या पातळीवर उतरल्याने मागे पडला. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने ‘बौद्धिक अक्षमता’ ही संज्ञा स्वीकारली आणि क्रीडेतील सहभागाची व्यवस्था करणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले. परंतु केवळ नाव बदलल्याने वृत्ती पालटत नाही. नवा शब्दही कालांतराने जुन्याच अर्थाने मलिन होऊ शकतो. ज्याच्यावर राज्य येऊ शकते, तोच खरा भिडू. मद्रासच्या गल्लीत असो वा पुण्याच्या, बाद होण्याचा अधिकार मिळाल्यावाचून खेळातील समावेश पुरा झाला, असे म्हणता येणार नाही.