अ‍ॅक्रिलिक शीट : प्रकार व निर्मिती

परभणीच्या बाजारपेठेत दुकानांवर ज्या चकचकीत पाट्या व उठावाची अक्षरे दिसतात, ती पुष्कळदा अ‍ॅक्रिलिकची असतात. या धंद्यात उतरू पाहणाऱ्या आपल्या तरुणांनी प्रथम माल ओळखावयास शिकावे, असे आम्हांस वाटते. कारण दिसावयास सारख्या असणाऱ्या दोन शीटा कामात अगदी निराळ्या निघतात.

दोन्हींचे मूळ एकच. मिथाइल मेथाक्रिलेट हा पातळ, उग्र वासाचा, ज्वालाग्राही द्रव. त्याचे रेणू साखळीसारखे जोडले गेले की पारदर्शक, घट्ट प्लॅस्टिक बनते. 1930 च्या दशकात जर्मनीत ते ‘प्लेक्सिग्लास’ व इंग्लंडमध्ये ‘पर्स्पेक्स’ या नावाने बाजारात आले. वजन काचेच्या जवळपास निम्मे, तरी सुमारे 92 टक्के प्रकाश आरपार जातो. (1949 साली लंडनमध्ये डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले, तेही याचेच!)

कास्ट शीट बनविताना दोन काचांमध्ये कडेने लवचीक पट्टी लावून पाकासारखा दाट केलेला द्रव ओततात व गरम पाण्यात किंवा भट्टीत सावकाश तापवितात. घट्ट होताना आकारमान सुमारे पाचव्या हिश्श्याने घटते, म्हणून पट्टी दबणारी लागते. घाई केली तर आत बुडबुडे धरतात. या वेळखाऊपणामुळेच ती महाग पडते.

एक्स्ट्रूडेड शीट मात्र यंत्रावर सलग निघते. दाणे वितळवून अरुंद फटीतून दाबतात व रुळांमधून काढतात. जाडी एकसारखी, भाव कमी. परंतु तिच्यातील साखळ्या आखूड असल्याने करवतीच्या उष्णतेने कडा लवकर वितळते व पाते अडकते. क्लोरोफॉर्मने जोडताना किंवा थिनरने पुसताना बारीक तडे जाण्याची भीतीही तिला अधिक. लेसरने कोरल्यास कास्टवर पांढरी, ठसठशीत रेघ उमटते. एक्स्ट्रूडेडवर ती फिकी राहते. तुकडा मागून ही परीक्षा जरूर करावी.

आपल्याकडे हिवाळ्यात पारा 10 अंशांखाली व उन्हाळ्यात 40 च्या वर जातो. तेवढ्या फरकाने 8 फुटी शीट, कोणत्याही प्रकारची असो, सुमारे 5 मिलिमीटर वाढते. स्क्रूची भोके नेमक्या मापाची पाडली तर पाटी फुगते, नाही तर भोकापासून तडकते. भोक स्क्रूपेक्षा मोठे ठेवून वर रबरी वायसर लावावा.