धक्क्यावरची वही : सातपाटी बंदरातील उन्हाळी कामे व व्यवस्था

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

मनोरहून एस.टी.ने पालघरला येताना वाघोबाची खिंड लागते. खिंड उतरली की हवा बदलते, खारा वास येऊ लागतो. रोज कॉलेजला येताना मी ही खिंड उतरते. परंतु पालघरच्या पलीकडे शिरगाव आणि त्यापुढे सातपाटी आहे, तिथे एक मोठे बंदर आहे, एवढेच मला ठाऊक होते. आमचे गाव वैतरणेच्या खोऱ्यातले, भाताचे व जंगलाचे. समुद्राशी आमचा संबंध एकच. पावसाळा संपला की गावातली पुरुषमाणसे खलाशी म्हणून बोटींवर जातात आणि उन्हाळा संपताना परत येतात. माझे वडीलही जात.

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या सरांनी सुट्टीत एखाद्या स्थानिक व्यवसायाचा अभ्यास करून टिपण लिहिण्यास सांगितले. माझ्या वर्गातील मैत्रीण सातपाटीची. तिच्या घरी मे महिन्यातले बारा दिवस राहून मी धक्क्यावरचे कामकाज पाहिले. त्या टिपणाचाच हा विस्तार आहे.

उन्हाळा म्हणजे काय?

परदेशी पुस्तकांत उन्हाळा हा नौकानयनाचा मोसम असतो. थंडी सरली की होड्या पाण्यात उतरवतात आणि शर्यती सुरू होतात. आपल्या किनाऱ्यावर नेमके उलटे आहे. आपला उन्हाळा हा मोसमाचा शेवट होय. नैर्ऋत्येचा वारा सुटण्यापूर्वी नाव वर ओढली पाहिजे. या नियमातून श्रीमंत-गरीब कोणीच सुटत नाही. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ साली स्थापन झाला. तिथल्या शिडाच्या होड्यांचा मोसमही साधारणपणे पावसाळ्यानंतर सुरू होऊन मे महिन्यात संपतो. समुद्र बंद असतो तेव्हा जुलैमध्ये शर्यती होतात त्या हैदराबादच्या हुसेनसागरासारख्या तलावांवर.

शिडाच्या खेळाशी आपल्या भागाचे नाव एका परीने जोडलेले आहे, हे मला वाचनात कळले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीला झाल्या, पण नौकानयनाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. त्यांत फायरबॉल प्रकारात फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. तारापोर हे आडनाव वाचताच आपले तारापूर आठवल्याशिवाय राहत नाही.

मैत्रिणीच्या आजीला मी हे सांगितले तेव्हा ती हसली. म्हणाली, “शीड म्हणजे खेळ कधीपासून झाला, पोरी? माझा बाप शिडावरच दर्यात जायचा. वारा पडला की वल्ही मारायची. उन्हाळ्यात आम्ही पोरी शिडं शिवायला बसायचो.” सातपाटीच्या होड्यांना इंजिने बसू लागली ती साधारणतः १९५० नंतरच्या काळात. म्हणजे क्लबांमध्ये जी कला छंद म्हणून शिकवली जाते, ती आपल्या किनाऱ्यावर दोन पिढ्यांपूर्वी पोटाची विद्या होती. आजीच्या घरात त्या काळाचे काहीही उरलेले नाही. एक लाकडी कप्पी होती, तिला आता कपड्यांची दोरी बांधली आहे.

पंचांग आणि कॅलेंडर

सातपाटीचे बंदर खाडीवर आहे आणि खाडी गाळाने उथळ झालेली आहे. ओहोटीला बोटी चिखलात बसतात. भरती असेल तेव्हाच आत येता येते व बाहेर जाता येते. म्हणून धक्क्याचे वेळापत्रक घड्याळावर नव्हे, तर तिथीवर चालते.

त्याचा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ अंदाजे कळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दुपारी व मध्यरात्री बाराच्या आसपास. स्थानपरत्वे थोडा फरक पडतो. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, म्हणून हे गणित जमते. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत उंच चढते, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते, तो भांग. हे सारे मी आठवीच्या भूगोलात पाठ केले होते व परीक्षेनंतर विसरले होते. धक्क्यावर पाचवी शिकलेला तांडेल बोटांवर मोजून मला भरतीची वेळ सांगत होता.

याच ज्ञानावर उन्हाळ्यातील सर्वांत मोठे काम अवलंबून असते. ते म्हणजे बोटी वर घेणे. बोट काठावर जितकी उंच न्यावी तितकी ती पावसाळ्यात सुरक्षित. म्हणून हे काम उधाणाच्या भरतीला करतात. पाण्यानेच बोट शक्य तितकी वर आणायची आणि मग दोर लावून उरलेली ओढायची. पूर्वी फळ्या टाकून, तेल लावून, सारी आळी मिळून ओढत असे. आता यंत्रांची मदत होते. बोट वर आली की दोन्ही बाजूंनी टेकू देतात. मग तळाला चिकटलेले शिंपले खरवडणे, फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकणे, रंग देणे, इंजिन उतरवून त्याची दुरुस्ती करणे आणि शेवटी ताडपत्री घालणे अशी कामे ओळीने होतात. जाळी घरी जातात. ओटीवर, अंगणात, देवळाच्या सावलीत जिकडे तिकडे जाळी विणणारी माणसे दिसतात.

इथे व्यवस्थेचा प्रश्न येतो. जागा थोडी आणि बोटी पुष्कळ. जी बोट आधी वर गेली ती आत अडकते. तिच्यापुढे दुसऱ्या उभ्या राहतात. मोसम सुरू होताना आधी बाहेर पडायचे असेल तर मे महिन्यात ती शेवटी वर यायला हवी. शिवाय मोठ्या बोटीला खोल पाणी लागते; तिला मोठ्या उधाणाखेरीज गत्यंतर नाही. लहान बोटीचे मधल्या भरतीवरही भागते. हा क्रम कुठेही छापलेला नाही. तरी तो ठरतो, वाद होतात आणि मिटतातही.

दुसरा पेच पंचांग आणि कॅलेंडर यांच्यातला आहे. पूर्वी नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मोसम उघडत असे. आज यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस सरकारी बंदी असते. हे दिवस माशांच्या प्रजननाचे असतात आणि समुद्रही खवळलेला असतो, त्यामुळे बंदी योग्यच आहे. पण बंदी तारखेने उठते आणि पाणी तिथीने चढते. ३१ जुलैला भांग असला, तर मोठी बोट काठावरच राहते. म्हणून जाणता मालक जुलैमधल्या उधाणालाच बोट पाण्यात उतरवून खाडीत नांगरून ठेवतो.

धक्क्याचे नियम

मोसमात धक्क्यावर गर्दी असते तेव्हा पहिला नियम असा की, भरलेल्या बोटीला आधी जागा, रिकाम्या बोटीला नंतर. मासा थांबत नाही, बर्फ वितळत असतो. माल उतरला की बोटीने धक्का सोडायचा. मग डिझेल, बर्फ, गोडे पाणी व शिधा घेणाऱ्या बोटींची पाळी. हे सर्व एका भरतीच्या थोड्या तासांत बसवावे लागते. उशीर झाला तर पुढची भरती बारा-साडेबारा तासांनी.

सातपाटीचे नाव झाले ते सरंग्यामुळे, म्हणजेच पापलेटमुळे. येथील मच्छीमारांच्या सहकारी संस्था माल घेतात, वजनाप्रमाणे प्रतवारी करतात, बर्फ, डिझेल व जाळ्यांचे सामान पुरवतात. एकट्या मच्छीमाराला व्यापाऱ्यासमोर भाव करता येत नाही, संस्थेला येतो. सहकाराच्या प्रकरणात आम्ही जे फायदे तोंडपाठ करतो, ते इथे काट्यावर पाहायला मिळाले. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने पापलेटला राज्य माशाचा दर्जा दिला. परंतु मान मिळाला म्हणून मासा वाढत नाही. लहान पिल्ले पकडली गेल्याने पापलेट घटला, हे धक्क्यावर सगळेच बोलतात. त्याच वर्षी शासनाने निरनिराळ्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. तिची अंमलबजावणी शेवटी धक्क्यावरच व्हायची आहे; कारण मासा मोजला जातो तो तिथेच.

आणखी एक नियम सुरक्षेचा. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी बोट पळवून आले होते. तेव्हापासून बोट बाहेर पडताना तिची नोंद करणे, खलाशांची ओळखपत्रे पाहणे यांवर भर आला. बोटीचे नाव, क्रमांक, तांडेल आणि सोबतची माणसे यांची नोंद झाल्याशिवाय बोट सुटू नये, असा हा नियम आहे. वाचकांना ही नोंद रुक्ष वाटेल. मला ती तशी वाटत नाही. त्याचे कारण सांगते.

कागदावर नसलेला माणूस

मी अकरावीत होते तेव्हाची गोष्ट. माझे वडील किनाऱ्यावरच्या एका बंदरातील बोटीवर खलाशी होते. (ते बंदर सातपाटी नव्हे.) एका पहाटे ठरलेला एक खलाशी आला नाही. भरती उतरू लागली होती. तांडेलने वडिलांना त्याच्या जागी घेतले आणि बोट सुटली. कागदावर नाव राहिले ते न आलेल्या माणसाचे. त्याच फेरीत जाळे ओढताना दोर यंत्रात अडकला आणि वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

दवाखान्याचा खर्च मालकाने दिला, हे नमूद केले पाहिजे. पण विम्याचा अर्ज पुढे सरकला नाही. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांसाठी अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख. परंतु ज्याचे नाव कुठेच नाही, तो मच्छीमार आहे हे सिद्ध कसे करणार? वडील आता गावातच मजुरी करतात. त्यांनी कोणाला दोष दिला नाही. एकदाच म्हणाले, “बोटीवर मी होतो, कागदावर नव्हतो.”

आपल्या जिल्ह्यातील डोंगराकडचे, विशेषतः आदिवासी समाजातले, कितीतरी लोक असे खलाशी म्हणून जातात. डहाणू-तलासरीकडचे पार पोरबंदर, वेरावळ, ओख्यापर्यंत जातात. त्यांपैकी काहीजण सागरी सीमेपलीकडे पकडले जाऊन पाकिस्तानच्या तुरुंगात राहिलेले आहेत. अशा वेळी घरच्यांच्या हातात असतो तो केवळ वहीतला एक शब्द. तो चुकला, तर माणूस चुकला.

सात नावे

मी सातपाटीला होते त्या आठवड्यात मैत्रिणीच्या काकांच्या बोटीची शेवटची फेरी होती. माझे अक्षर बरे म्हणून काकांनी खलाशांची यादी मला लिहायला दिली. ते नावे सांगू लागले: “बाळ्या, मोठा लक्ष्या, बारका लक्ष्या, मनोरवाला...” मी पेन खाली ठेवले. म्हटले, “काका, मीही मनोरवालीच आहे. पूर्ण नाव काय त्यांचे?” काकांना ते आठवेना. दोन मोसम तो माणूस त्यांच्या ताटाशेजारी जेवला होता.

मग मी धक्क्यावर जाऊन सातही जणांना विचारले. पूर्ण नाव, गाव, पाडा, घरी कोणाला कळवायचे, दूरध्वनी क्रमांक. दोघांना सही येत नव्हती. एकाने आधार कार्ड पिशवीतून काढून दाखवले, ते प्लॅस्टिकमध्ये जपून गुंडाळलेले होते. मनोरवाला आमच्या शेजारच्याच पाड्याचा निघाला. सारे काम व्हायला अर्धा तास लागला. काकांनी यादी दोनदा वाचली आणि म्हणाले, “आणखी एक प्रत कर. एक बोटीत राहील, एक घरात.” आणि थोड्या वेळाने, “कोणी बदलला, तर सुटायच्या आधी खोडून लिहायचं. मी लिहीन.” काका चौथी शिकलेले आहेत. त्यांनी ते नीट लिहून दाखवलेही.

निष्कर्ष

बंदराची व्यवस्था म्हटले की आपल्यासमोर काँक्रीटचा धक्का, बर्फाचा कारखाना, गाळ काढणारी यंत्रे येतात. ती हवीतच. आपल्या जिल्ह्यात वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपये अंदाजित खर्चाचे मोठे बंदर होत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची कोनशिला बसली. त्याबद्दल किनाऱ्यावरील लोकांची तीव्र मते आहेत व तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मला एवढेच सुचवायचे आहे की, लहान बंदरांच्या व्यवस्थेत बिनखर्चाची एक सुधारणा शक्य आहे. उन्हाळ्यात बोटीचे प्रत्येक छिद्र तपासतात, जाळ्याचा प्रत्येक फास पाहतात. त्याच दोन महिन्यांत खलाशांची यादीही दुरुस्त करावी. ओळखपत्र, विमा व घरचा पत्ता पावसाळ्यातच पुरा करावा. खलाशी तेव्हा गावी असतात, शेतावर असतात. अशा वेळी किनाऱ्याने डोंगराकडे यायला हवे.

आणि तिथे आपले काम आहे. आपल्या महाविद्यालयात सातपाटी, मुरबे, केळवे येथून विद्यार्थी येतात. मनोर, विक्रमगडकडूनही येतात. एकाच बाकावर नाखव्याचा मुलगा आणि खलाशाची मुलगी बसते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने येत्या पावसाळ्यात चार पाड्यांत जाऊन हे अर्ज भरून दिले तर? अर्ज भरता येणे ही फार मोठी विद्या नव्हे, हे मला मान्य आहे. पण आमच्या घरात ती माझ्यापासूनच सुरू झाली आहे.

या लेखाचा कच्चा खर्डा मी वडिलांना वाचून दाखवला. भरतीच्या हिशेबाशी त्यांनी मला थांबवले. म्हणाले, “पाऊणपट बरोबर आहे. पण उधाणाचं सगळ्यात मोठं पाणी पुनवेला नाही, एक-दोन दिवसांनी येतं. ते लिही.” म्हणून लिहिले आहे.