लघुउद्योगाचे संकेतस्थळ : ग्राहकाच्या हातातील मोबाइलवर

डिसेंबर १९३६ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन फैजपूर येथे भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन होय. त्या निमित्ताने खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शनही भरविण्यात आले होते व त्याचे उद्घाटन महात्मा गांधींच्या हस्ते झाले. ग्रामीण कारागिराचा माल दूरच्या लोकांच्या नजरेस आणून देणे, हे अशा प्रदर्शनाचे मोठे कार्य असते. परंतु प्रदर्शन काही दिवसांनी उठते. वर्षाचे बाराही महिने मालाची ओळख करून देणारे साधन आज संकेतस्थळाच्या रूपाने उपलब्ध आहे. मात्र ते मोबाइलवर नीट उघडले, तरच त्याचा उपयोग.

ग्राहक कोठून येतो?

यावल-रावेर हा केळीचा पट्टा. जळगावच्या केळीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. समजा, फैजपूरच्या एका महिला बचत गटाने केळीच्या वेफर्सचा उद्योग सुरू केला आहे. पुण्यातील एखादा दुकानदार एस. टी.च्या प्रवासात मोबाइलवर अशा मालाचा शोध घेतो. गटाचे संकेतस्थळ त्याला सापडते. पण ते संगणकाच्या रुंद पडद्यासाठी बनविलेले असते. अक्षरे मुंगीएवढी दिसतात, दरपत्रक वाचण्यासाठी पान डावी-उजवीकडे सरकवावे लागते आणि छायाचित्रे उघडता उघडत नाहीत. दुकानदार ते पान मिटवतो व दुसऱ्या विक्रेत्याकडे वळतो. गटाला या हुकलेल्या मागणीचा पत्ताही लागत नाही. मोबाइलवर न उघडणारे पान म्हणजे भर बाजाराच्या दिवशी बंद राहिलेले दुकान होय.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मोबाइलवर केलेल्या शोधात मोबाइलला अनुकूल पानांना अग्रक्रम देण्यास गूगलने एप्रिल २०१५ मध्ये प्रारंभ केला. पुढे संकेतस्थळाची नोंद घेताना त्याचे मोबाइलवरील रूपच प्रमाण मानण्याचे धोरण २०१६ मध्ये जाहीर झाले. त्यामुळे मोबाइलची उपेक्षा करणारे पान मुळात सापडणेच कठीण होते.

अनुकूल पान म्हणजे काय?

पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःची मांडणी बदलणारे पान बनविण्याची पद्धत ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये मांडली. संगणकावर शेजारी शेजारी दिसणारे तीन रकाने मोबाइलवर एकाखाली एक येतात. एकच पान दोन्हीकडे चालते. दोन वेगळी संकेतस्थळे सांभाळण्याचा खर्च वाचतो.

दुसरा प्रश्न वजनाचा. मोबाइलने काढलेले छायाचित्र सहज ४ मेगाबाइटचे असते. सेकंदाला १ मेगाबिट एवढाच वेग मिळत असेल, तर ते एक छायाचित्र उतरण्यास सुमारे ३२ सेकंद लागतात. तेच आकार कमी करून १०० किलोबाइटचे केल्यास एक सेकंदही लागत नाही. अशी दहा छायाचित्रे असतील, तर या फरकाचे महत्त्व सांगण्याची गरज उरत नाही.

तिसरा प्रश्न लिपीचा. मराठी मजकूर युनिकोडमध्ये असावा. जुन्या टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर अगम्य चिन्हांच्या रूपात दिसू शकतो. दरपत्रकाचे नुसते छायाचित्र लावल्यास त्यातील अक्षरे पडद्याप्रमाणे जुळवून घेत नाहीत आणि शोधातही ती हमखास सापडतील असे नाही.

उद्योजकाने घ्यावयाची काळजी

पहिल्याच पानावर मालाचे नाव, दर, गावाचा पत्ता व संपर्क असावा. दूरध्वनी क्रमांक असा द्यावा की, त्यावर बोट ठेवताच फोन लागेल. बटणे किमान ९ मिलिमीटरची असावीत, म्हणजे बोट चुकत नाही. दर बदलला की, तो त्याच दिवशी दुरुस्त करावा. जुना दर दाखविणारे पान विश्वास घालविते.

संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी उद्योजकाच्या किंवा गटाच्याच नावे असावी व तिच्या नूतनीकरणाची तारीख हिशेबाच्या वहीत लिहून ठेवावी. पान तयार करून देणाऱ्याच्या नावे नोंदणी राहिल्यास, पुढे संबंध बिघडले असता वर्षानुवर्षे कमावलेले नाव हातचे जाऊ शकते. देवनागरीतील ‘.भारत’ हे क्षेत्रनामही २०१४ पासून उपलब्ध आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवरून ओळखीच्या ग्राहकांशी व्यवहार जरूर करावा. परंतु तेथील संदेश नव्या, अनोळखी ग्राहकाला शोधून सापडत नाही. मोठ्या विक्रीमंचावर माल ठेवल्यास दलाली व नियम मंचाचे असतात. स्वतःचे संकेतस्थळ ही मात्र स्वतःच्या मालकीची ओटी होय.

आपला वाटा

या कामी शिक्षक व लोकप्रतिनिधी यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना गावातील एखाद्या उद्योगाचे पान तयार करण्याचा प्रकल्प देता येईल. पंचायत सदस्यांनी बचत गटांच्या बैठकीत प्रत्येक पान साध्या, स्वस्त मोबाइलवर उघडून पाहण्याचा परिपाठ ठेवावा. अधिकाऱ्यांनीही संकेतस्थळाच्या कामाची पूर्तता मान्य करण्यापूर्वी हीच कसोटी लावावी : कमी वेगाच्या जोडणीवर, एका हाताने, पहिल्यांदाच ते पाहणाऱ्या माणसाला दर समजला काय आणि फोन लावता आला काय? दोन्ही उत्तरे होकारार्थी आली, तरच ते काम पुरे झाले असे समजावे.